गाडीतलं बारा-एकसष्ट

जुन्नर तालुक्यात गाडी नवी असो की चार हात फिरून आलेली, तिच्या संरक्षणाचा बंदोबस्त पहिल्याच दिवशी होतो. डॅशबोर्डवर ओझरचा विघ्नहर बसतो. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची लागते. मागच्या काचेवर शिवनेरी नाहीतर आईवडिलांची पुण्याई रंगवली जाते, आणि चाकाखाली लिंबू चिरडून झालं की गाडी आळेफाट्याला न्यायला मोकळी. आग विझवायची लाल बाटली या यादीत कधी नव्हती. ती एसटीत असते एवढं ठाऊक होतं. चालकाच्या आसपास कुठेतरी पट्ट्याने आवळलेली, आणि तिच्या मानेला कुणाचीतरी पिशवी अडकवलेली. तिचा तेवढाच उपयोग आम्ही पाहिलेला.

पुतण्याने पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारी जुनी गाडी घेतली, तेव्हा पूजा, पेढे, देवळाला एक फेरी असं सगळं यथासांग झालं. संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "नाना, गाडीत ठेवायला फायरचं सिलिंडर कंचं घ्यायचं?"

बोरी बुद्रुकमध्ये एका माणसाला प्रश्न विचारायची सोय नाही. ओट्यावर जेवढे होते तेवढ्यांना तो आपल्यालाच विचारल्यासारखं वाटलं. वहिनी म्हणाल्या, "गाडी आल्या दिवशी जळायच्या गोष्टी कशाला रं काढतोस?" शेजारच्या भाऊंनी पाण्याचा पाच लिटरचा कॅन डिकीत टाकायला सांगितलं, तो प्यायलाही होतो, हा जादा फायदा. आणखी एकजण म्हणाला, "आन माती काय कमी पडली का बोरीत?" माझी आत्या पावटे सोलत होती. ती काहीच बोलली नाही. आत्या बोलत नाही तेव्हा तिचं मत तयार असतं आणि बाकीच्यांचं संपायची ती वाट बघत असते.

पाण्याच्या कॅनचा निकाल आधी लावला. पेट्रोलवर पाणी टाकलं की पेट्रोल हलकं असल्याने पाण्यावर तरंगतं आणि पेटलेल्या अवस्थेत पाण्याबरोबर पुढे चालू लागतं. म्हणजे जी आग एका जागी होती तिला आपण रस्ता करून दिला. माती मात्र खरोखर चांगली. तिला मुदत नाही, दाब नाही, दुकानदार नाही. अडचण एवढीच की पुणे-नाशिक महामार्गावर गाडी थांबते तिथे डांबर असतं, आणि बॉनेटच्या फटीतून माती आत जात नाही.

वहिनींच्या आक्षेपाला उत्तर देणं अवघड होतं, कारण गाडी पेटणार असं गृहीत धरून कुणी गाडी घेत नाही. पण आमच्या भागात गाडी पेटायची जी कारणं आहेत ती इतकी घरगुती आहेत की त्यांची दखल घेतली नाही तर तीच आपली दखल घेतील. सुगीच्या दिवसांत लोक सोयाबीन, हुलगे, हरभरा रस्त्यावर पसरतात. जाणाऱ्या येणाऱ्या चाकांनी फुकट मळणी होते. त्यावरून गाडी नेली की काडाचा गुंता खालच्या फिरत्या दांड्याला वेटोळं घालतो, तापलेल्या सायलेन्सरला टेकतो आणि दोन-तीन मैलांवर धूर निघतो. तोपर्यंत मळणीवाला हुलगे पाखडून घरी गेलेला असतो. तापलेली गाडी वाळलेल्या पाचटावर उभी केली तरी तोच प्रकार. दुसरं कारण वायरींचं. कंपनीने दिलेला हॉर्न आपल्याकडे कुणाला पुरत नाही. मोठा हॉर्न, मोठे दिवे, बसणाऱ्याच्या पाठीत ठोके मारणारा स्पीकर, हे सगळं गावठी जोडांनी एकाच वायरीतून खेचलं की ती तापते. आणि तिसरं कारण उंदीर. ऊसतोड झाली की शेतातले उंदीर वस्तीकडे सरकतात, आणि रात्री नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाइतकी ऊबदार खोली त्यांना दुसरीकडे मिळत नाही. डॅशबोर्डवर विघ्नहर आणि बॉनेटखाली त्याचं वाहन वायरी कुरतडतंय, अशी ही परिस्थिती. देवाला तरी दोघांपैकी कुणाची बाजू घ्यायची, हा प्रश्नच आहे.

बाटली घ्यायची ठरली. मग कुठली, यावर पुतण्याचा अभ्यास सुरू झाला. या विद्येत आगींना अक्षरं दिलेली आहेत. ए म्हणजे लाकूड, कापड, कागद, कडबा, जे जळून निखारा होतं ते. बी म्हणजे पेट्रोल, डिझेल, रंग. सी म्हणजे पेटणारा वायू. डी म्हणजे मॅग्नेशियमसारखे धातू, ज्यांच्याशी बोरीचा संबंध येत नाही. आणि एफ हे स्वतंत्र अक्षर खास तळणीच्या तेलासाठी राखून ठेवलेलं आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. भज्यांच्या कढईला जगाने एवढा मान दिला असेल याची कल्पना नव्हती. विजेला मात्र आपल्याकडच्या पद्धतीत अक्षर नाही. कारण वीज स्वतः जळत नाही. ती शेजारच्याला पेटवते आणि नामानिराळी राहते. अशी माणसंही प्रत्येक गावात असतात आणि पंचनाम्यात त्यांचं नाव कधी येत नाही. अमेरिकेत विजेच्या आगीलाच सी म्हणतात, आणि पुतण्याचे सगळे व्हिडिओ अमेरिकेतले. त्यामुळे एक अख्खी संध्याकाळ आमच्या घरात सी म्हणजे गॅस की करंट यावर वाद चालला. वहिनींनी शेवटी स्वयंपाकघरातून विचारलं की चहा ए-मध्ये येतो का बी-मध्ये.

मोटारीत ही सगळी अक्षरं एकत्र नांदतात. सीट ए, टाकी बी, सीएनजी सी, वर बॅटरी. म्हणून गाडीसाठी एबीसी पावडरची बाटली घेतात, हे सरळ उत्तर. पण सरळ उत्तर मिळालं म्हणून दुकानात न जाणं हे आमच्या रक्तात नाही. आम्ही आळेफाट्याला गेलो. मी, पुतण्या आणि भाऊ. भाऊंना कुणी बोलावलं नव्हतं, पण खरेदीला तिसरा माणूस लागतो, आणि 'चला, दुसरीकडे बघू' म्हणायचा अधिकार त्याचा असतो.

दुकानदाराने चार प्रकार मांडले. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यात रुबाबदार, त्याला काळा कर्णा. वायू निघून जातो, मागे कचरा राहत नाही, वायरी-यंत्रांना धक्का नाही. पण आतल्या वायूपेक्षा बाहेरच्या पोलादाचंच वजन दुपटीहून जास्त, आणि उघड्या रस्त्यावर वारा असला की वायू साळवाडीकडे आणि आग आपल्याकडे. शिवाय निखारा थंड होत नसल्याने सीट पुन्हा पेट घेते. मग 'क्लीन एजंट'वाली हिरवट बाटली, महाग. या घराण्याचा पूर्वज हॅलॉन. आग विझवण्यात तो इतका वाकबगार होता की त्याच्या तोडीचा अजून शोधताहेत. पण तो आकाशातला ओझोन खातो असं कळल्यावर १९८७च्या माँट्रियल करारानंतर जगाने त्याला टप्प्याटप्प्याने घरी बसवलं. तिसरा प्रकार डिओडरंटच्या डब्याएवढा, वरून दाबायचा. दिसायला सोपा, दाब किती शिल्लक आहे ते मात्र बाहेरून कळत नाही. आणि चौथी आपली लाल बाटली, पावडरची.

पुतण्याने तिच्यावरचं लेबल मोठ्याने वाचलं. "एबीसी ड्राय पावडर. एमएपी. मोनो अमोनियम फॉस्फेट."

भाऊंनी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. "म्हंजी बारा-एकसष्ट!"

ज्यांच्याकडे ठिबक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोनो अमोनियम फॉस्फेट म्हणजे बारा-एकसष्ट-शून्य: बारा टक्के नत्र, एकसष्ट टक्के स्फुरद, पालाश नाही. द्राक्ष आणि टोमॅटोवाल्यांच्या शेडमध्ये त्याच्या गोण्या असतात. मुळी फुटायला, फुलं धरायला ठिबकातून सोडतात. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे जे क्रेट उतरतात त्यांतल्या कितीतरी लालीमागे हेच पांढरं खत आहे. आणि तेच इथे दाब भरून, वर पितळी तोटी लावून, आगीवर मारायला बसलेलं. भाऊंचा चेहरा उजळला. इतका वेळ हा विषय त्यांना शहरी वाटत होता. आता तो त्यांच्या शेडमध्ये आला.

"मग गोणीतलंच भरू की," ते म्हणाले. "हे केवढ्याला देतोय बघ."

दुकानदार समंजस होता. त्याने सांगितलं की बाटलीतली पावडर पिठाहून बारीक दळलेली असते आणि तिला सिलिकॉनचा हात दिलेला असतो, म्हणजे दमट हवेत ती गोळा होत नाही. म्हणूनच ती पाण्यातही नीट मिसळत नाही, तेव्हा उलटा प्रयोग, म्हणजे बाटली ठिबकात सोडणं, हाही करू नये. भाऊंच्या मनात तो येऊन गेला होता हे त्यांच्या तोंडावरून कळलं. लेबलवरच्या ५० किंवा ९० या आकड्याचा अर्थ पावडरीत एमएपी किती टक्के आहे एवढाच. आगीवर पडली की ज्वाळेतली जळण्याची साखळी ती मधेच तोडते, आणि जे घन जळत असेल त्यावर वितळून तिचा चिकट थर बसतो. निखाऱ्याला हवा मिळेनाशी होते. तिची स्वस्त बहीण म्हणजे बीसी पावडर. ती बहुतेकदा खायचा सोडा. पेट्रोलला ती चांगली, पण असा थर धरत नाही म्हणून सीटला, कापडाला उपयोगी नाही. या विद्येत एकूण आपल्या परसातल्याच वस्तू निघतात. खत, सोडा, आणि मुळाशी गेलं तर राख.

राखेची गोष्ट अशी. पेशवाई बुडाली त्याच १८१८च्या सुमाराला इंग्लंडमध्ये कॅप्टन जॉर्ज मॅन्बी नावाच्या गृहस्थाने हाताने उचलता येईल असं पहिलं आग विझवायचं भांडं केलं. एडिंबरात एका मोठ्या आगीत बंबाचं पाणी वरच्या मजल्यांपर्यंत पोचत नाही हे त्याने पाहिलं होतं. तांब्याचं भांडं, आत दाबलेली हवा, आणि तीन गॅलन पाण्यात विरघळवलेला क्षार. हा क्षार लाकडाच्या राखेतून काढायचे. आगीनंतर जे उरतं तेच तिच्यावर परत टाकायचं, ही कल्पना मला आवडली. आत्याला सांगितल्यावर ती म्हणाली, "त्यात काय, आमी चुलीवर राखच लोटतो." मॅन्बीला तेवढ्यासाठी एडिंबरापर्यंत जायला नको होतं.

मोटारींसाठी खास अशी बाटली निघाली ती पुढच्या शतकात, १९१०च्या दशकात. अमेरिकेतल्या पायरिन कंपनीचा पितळी हातपंप, आत कार्बन टेट्राक्लोराइड. देखणी वस्तू. फक्त ते द्रव तापलेल्या धातूवर पडलं की फॉस्जीन तयार होतो, आणि फॉस्जीन पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडत असत. म्हणजे गाडी वाचायची आणि मालकाचं सांगता येत नव्हतं.

प्रकार ठरला, आता वजन. अर्धा किलो, एक किलो, दोन किलो, चार किलो. पुतण्याचं म्हणणं चार. वस्तू घ्यायची तर भक्कम घ्यावी. भाऊंचं म्हणणं अर्धा. लागणार तर आहेच कधी?

किती मोठ्या आगीची तयारी ठेवायची, हे बोरीच्या माणसाला विचारू नये. आमच्या गावात कुकडीच्या काठाला ज्वालामुखीची राख आहे. पांढुरकी, हाताला मऊ, मातीच्या थरांमध्ये दबलेली. १९८०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिचा अभ्यास सुरू केला, आणि तिच्या सोबतीने आदिमानवाची दगडी हत्यारंही इथे सापडली. ही राख सह्याद्रीची नव्हे. सुमात्रा बेटावर टोबा नावाचा ज्वालामुखी आहे, इथून तीन हजार किलोमीटरहून लांब. तो फुटला तेव्हा वाऱ्यावर एवढी राख निघाली की ती बोरीत येऊन बसली. कधी, यावर शास्त्रज्ञांचा अजून वाद आहे. काहीजण टोबाच्या सगळ्यात मोठ्या, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाचं नाव घेतात, काहीजण ही राख त्याहून कित्येक लाख वर्षं जुनी ठरवतात. आम्हाला दोन्ही चालतं. टोबाच्या जागी आता शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. तेव्हा आगीचं वरचं टोक कुठपर्यंत जातं ते आमच्या नदीकाठाला लिहिलेलं आहे, आणि त्या मापाने बघितलं तर अर्धा किलो आणि चार किलो यांत फरक करणं हा निव्वळ मानवी अहंकार.

तरीही फरक आहे, आणि तो सेकंदांत मोजायचा असतो. एक किलोची बाटली साधारण आठ-दहा सेकंद चालते. अर्ध्या किलोची त्याहून कमी. एवढंच. मी हे ओट्यावर सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले, कारण प्रत्येकाच्या मनात बाटली बराच वेळ फुसफुसत राहणार होती. आठ सेकंदांत आमच्याकडे माणूस "आरं, धूर निघतोय का बघ" एवढं वाक्यसुद्धा पुरं करत नाही. म्हणजे ही वस्तू पेटलेल्या गाडीसाठी नाहीच. पेटू लागलेल्या गाडीसाठी आहे. बॉनेटच्या फटीतून धूर, सीटवर पडलेली ठिणगी, वायरीला आलेला जाळ. त्यापुढे गेलं की बाटलीसकट लांब व्हायचं, १०१ किंवा ११२ फिरवायचा, आणि गाडी विमा कंपनीला सोडून द्यायची. इलेक्ट्रिक स्कूटरवाला शेजारी विचारायला आला, त्यालाही हेच सांगावं लागलं. लिथियमच्या बॅटरीची धग आतूनच पुन्हा पुन्हा उठते. तिच्यापुढे ही बाटली म्हणजे नैवेद्य. सीएनजीचं आणखी वेगळं. टाकीत दोनशे बारचा दाब, बाटलीत पंधराच्या आसपास; आणि व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर पेटलेली गॅसची धार विझवूच नये, कारण न जळलेला वायू साठून मग एकदमच पेटतो. पुतण्या त्या रात्री गाडीचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते टॉर्च घेऊन शोधत होता.

लहान आग लहानपणीच हाती लागली नाही तर काय होतं, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ला पाहिलं. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजात कापसाच्या गासड्यांमधून धूर दिसला तेव्हा दुपारचे दोनही वाजले नव्हते. चार वाजून गेल्यावर त्याच जहाजातली स्फोटकं उडाली. मधल्या दोन तासांत पाण्याचा मारा चालूच होता, पण आग नेमकी कुठे बसली आहे तिथपर्यंत तो पोचत नव्हता. अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले, आणि म्हणून १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात.

एक किलो ठरली. आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५६८३ हा क्रमांक बघून, भरल्याची तारीख बघून, आणि दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघून घेतली. भाऊंनी 'चला, दुसरीकडे बघू' एकदा म्हणून घेतलं, म्हणजे त्यांचंही येणं सार्थकी लागलं.

खरा कस लागला तो बाटली ठेवायची कुठे याचा. पुतण्या म्हणाला डिकीत. आमच्याकडे डिकी म्हणजे कांद्याच्या गोण्यांची जागा. सीएनजीची टाकी गेल्यावर जे उरतं त्यात दोन गोण्या बसवणं हे कसब समजलं जातं. आग लागल्यावर आधी कांदा उतरवायचा, मग बाटली शोधायची, आणि तोवर कांद्याचा भाव पडायचा. मागच्या काचेखाली ठेवली तर वैशाखात बंद गाडीत ती भाजून निघते. किती अंशांपर्यंत ठेवावी ते बाटलीवरच छापलेलं असतं, आणि आमचं ऊन त्याच्या पुढे जायला कमी करत नाही. मोकळी टाकली तर जोराचा ब्रेक लागल्यावर ती पुढे येऊन आपल्यालाच लागेल. चालकाच्या पायाशी घरंगळून ब्रेकखाली अडकली तर मग आगीची गरजच उरत नाही. शेवटी पुढच्या डाव्या सीटखाली, लोखंडी पट्ट्यात, बोल्टने आवळून. पट्टा लोखंडीच, प्लॅस्टिकचा तुटतो.

इथे आत्याने पावटे बाजूला ठेवले. तिचा प्रश्न एकच होता. "हे काढणार कोण?"

त्याचा विचार कुणी केला नव्हता. बाटली निवडताना आम्ही सगळे आगीचा विचार करत होतो. आत्याने माणसाचा केला. गाडी चालवणारा बऱ्याचदा गडबडलेला असणार, पुढे डाव्या बाजूला बहुतेक वेळा वहिनी नाहीतर स्वतः आत्या. मग आत्याला गाडीत बसवलं, पट्टा लावला, आणि बाटली काढून दाखव म्हटलं. पहिल्यांदा पट्ट्याचा खटका निघेना. पुतण्याने तो सैल केला. मग निघाली. चार किलोची असती तर तिला ती दोन हातांनीही उचलली नसती, आणि तिथेच वजनाचा वाद कायमचा मिटला.

दुकानदाराकडे मुदत उलटलेली एक बाटली होती. ती नाहीतरी रिकामी करून भरायचीच होती म्हणून त्याने आम्हाला दिली. मोकळ्या खळ्यात पाचटाचा ढीग केला, वर एक फाटकं पोतं टाकलं. वारा पाठीकडून येईल असं उभं राहायचं, पिन ओढायची, तोटी रोखायची, दाबायचं आणि डावीकडून उजवीकडे फिरवायचं. पुतण्याने हे सगळं पाठ केलेलं. त्याने पिन ओढली आणि जाळावर, म्हणजे जिथे जाळ दिसत होता तिथे, पांढरा लोट सोडला. जाळ वाकला, दोन पावलं मागे गेला, आणि पुन्हा उठला. पाहणाऱ्या मंडळींनी हळहळ व्यक्त केली. आत्या पुढे झाली. "आण इकडं. जाळाच्या तोंडावर काय मारतोस? बुडाशी मार." तिने वाकून ढिगाच्या मुळाशी तोटी धरली, एकदा इकडून तिकडे फिरवली आणि खेळ संपला. बाटलीत अजून थोडं शिल्लक होतं.

चाळीस वर्षं चूल सांभाळलेल्या बाईला आग कुठे असते हे सांगावं लागत नाही. पुतण्याची पिढी गॅसवर वाढली. खटका फिरवला की आग जाते, तिला बूड असतं हे त्यांनी पाहिलेलंच नाही. अग्निशमनाच्या प्रशिक्षणात तोटी आगीच्या तळाशी धरायला शिकवतात ते काही उगाच नव्हे. ज्वाळा हा नुसता जळणारा वायू. इंधन खाली आहे. मला वाटतं या प्रशिक्षणाला गावोगावच्या आत्या बोलवाव्यात. पुढे एक बारकावा आत्यालाही नवा होता. बॉनेटमधून धूर आला तर ते पूर्ण उघडायचं नाही, हवा मिळून जाळ भडकतो. चावी बंद करायची, खटका ओढून बोटभर फट ठेवायची आणि तीतून मारायचं. तिने हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, झाकण उघडल्यावर कढई भडकते, तसंच.

पुस्तकातल्या एका सूचनेवर मात्र आमचं अडलं. आग आवरली नाही तर गाडीपासून निदान तीस मीटर लांब जाऊन उभं राहावं. दिवसा ठीक. रात्री आमच्या रस्त्यावर गाडीपासून तीस मीटर लांब म्हणजे उसात. आणि जुन्नर तालुक्यातल्या उसात रात्री कोण असतं ते वन खात्याला आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारण केंद्राला चांगलं ठाऊक आहे. ही सूचना लिहिणाऱ्याने पेटलेली गाडी पाहिली असेल, ऊस पाहिलेला नाही. रस्त्यावरच, डांबराच्या बाजूने, मागून येणाऱ्या गाड्यांना दिसेल असं चालत लांब जायचं, अशी दुरुस्ती ओट्यावर एकमताने मंजूर झाली.

खळ्यातली पावडर लोटायला वहिनींना अर्धा दिवस गेला. ती सगळीकडे बसते, आणि गाडीवर मारली तर ओल धरून धातू खाते, म्हणून आग विझल्यावर लगेच झाडून पुसून काढावी लागते. भाऊंनी झाडलेला ढीग एका टोपल्यात भरून नेला. सिलिकॉनचं त्यांना सांगून झालं होतं. लिंबाच्या बुडाशी टाकून बघतो, म्हणाले.

आता अडचण वेगळीच. बाटली गावात एकच, आणि तिची कीर्ती पसरली. गणपती मंडळाला मांडवासाठी हवी. लग्नाच्या आचाऱ्याला भट्टीजवळ ठेवायला हवी. "लागणार थोडीच आहे, नुसती ठेवतो" हे सगळ्यांचं म्हणणं, आणि न वापरता परत आणून द्यायची हमी. पण एकदा पिन निघाली, गंमत म्हणून जरासं दाबलं, की पावडरीचे कण झडपेत अडकतात, दाब हळूहळू उतरतो आणि काटा लाल पट्ट्यात जातो. मग ती भरून घेतल्याशिवाय कामाची नाही. मांडवात पोरं असतात आणि पोरांसमोर पिन आहे, तेव्हा हमी कोण देणार? पुतण्याला गावात नाही म्हणवत नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष ओट्यावर येऊन बसले, चहा झाला. आत्याने विचारलं, "मांडव केवढा?" त्यांनी सांगितलं. "मग एक किलोनं काय हुतंय? वर्गणी गोळा करताय ना? मोठं घ्या, सहा किलोचं. आन ते चालवायला कोण उभा राहणार त्याचं नाव आत्ताच सांगा."

अध्यक्षांनी दुसरा चहा मागितला आणि विषय डीजेकडे वळवला.